आजीला न विचारता दिलेली खुर्ची

आजी बोलायला लागली की थांबायची. तिथेच, वाटेच्या मधोमध.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बागेतून चाललो होतो. मी विचारलं, "आजी, तुमच्या वेळी खो-खोचं मैदान मातीचं असायचं ना?" आजी थांबली. "मातीचंच की! सकाळी उठून पाणी मारायचं, मग चुन्याच्या रेघा ओढायच्या." उत्तर संपलं आणि ती पुन्हा चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर मी दुसरं काहीतरी विचारलं. ती पुन्हा थांबली. मला गंमत वाटली. मी मुद्दाम प्रश्न विचारत राहिले आणि ती दर वेळी थांबत राहिली. गप्प असली की ती बरी चालायची, उभी असली की नीट बोलायची. दोन्ही एकदम मात्र जमत नव्हतं.

"आजी, तुझं चालायचं आणि बोलायचं बटण एकच आहे का गं?"

ती हसली. मग तिचं हसू ओसरलं. "तुझ्याही लक्षात आलं होय? मला वाटलं, मलाच भास होतोय."

माझी आजी वैजयंती साळोखे आयुष्यभर धावली आणि तिने दुसऱ्यांनाही धावायला लावलं. कोल्हापुरातल्या एका शाळेत ती मुलींच्या खो-खो संघाची प्रशिक्षक होती. आजोबा गेल्यावर तिने स्वतःच ठरवलं, की घरी एकटं राहण्यापेक्षा 'सायंतारा'मध्ये मैत्रिणींसोबत राहायचं. सायंतारा म्हणजे जोतिबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वृद्धांची वसाहत. आमच्या घराजवळून तिथे चालकाशिवाय धावणारी बस जाते, म्हणून दर रविवारी मी एकटीसुद्धा जायचे.

सायंतारा एकदम आधुनिक होतं. तिथल्या फरशीखाली संवेदक (पावलाचा दाब, वेग आणि दोन पावलांमधलं अंतर टिपणारे बारीक यंत्रभाग) बसवलेले होते. प्रत्येक मजल्यावर कमरेएवढ्या उंचीचा एक यंत्रमानव फिरायचा. त्याचं अधिकृत नाव 'मदतनीस', पण सगळे आजी-आजोबा त्याला ठेंगू म्हणायचे. फरशी आणि ठेंगू, दोघांचाही कारभार 'जपणूक' नावाची संगणकप्रणाली बघायची.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा आजी खुर्चीत बसलेली होती.

साधी खुर्ची नव्हती ती. आपोआप चालणारी, वळणारी, जेवणाच्या टेबलापाशी नेऊन उभी करणारी पांढरी खुर्ची. आजीच्या कमरेला पट्टा होता.

"पडलीस का? काय लागलं?" मी घाबरून विचारलं.

"काही लागलं नाही गं. मंगळवारी सकाळी उठले तर ही दारात उभी होती. ठेंगू म्हणाला, आजपासून हिच्यात बसायचं."

"का?"

"ते त्याने सांगितलं नाही."

मी पट्टा सोडायला गेले. तो सुटेना. मागून ठेंगूचा गोड आवाज आला, "कृपया पट्टा ओढू नये. वैजयंतीताईंच्या सुरक्षिततेसाठी तो बंद आहे."

माझ्या आजीला, जिने शेकडो मुलींना धावायला शिकवलं तिला, लहान बाळासारखं बांधून ठेवलं होतं! माझे कान गरम झाले. मी तडक व्यवस्थापक देवकुळे मॅडमच्या खोलीत गेले. माझ्या मागोमाग आजीची खुर्चीही आली, कारण आजीने तिला तसं सांगितलं होतं आणि कार्यालयापर्यंत जायची तिला मुभा होती.

देवकुळे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं बाळ, रागावू नकोस. जपणूक गेलं वर्षभर तुझ्या आजीची चाल मोजते आहे. ती हळूहळू मंदावत गेली. पावलं आखूड झाली, कधी लांब तर कधी जवळ पडायला लागली. अशी माणसं पडण्याची शक्यता जास्त असते. शिवाय..." त्यांनी आवाज खाली आणला, जणू आजीला ऐकूच येत नव्हतं. "चाल अशी बदलली, की पुढे स्मृतिभ्रंश होऊ शकतो. तुझ्या बाबांना फोनवर विचारलं होतं आम्ही. ते हो म्हणाले."

स्मृतिभ्रंश (आठवण, भाषा आणि विचार करण्याची ताकद हळूहळू ढासळत जाण्याचा आजार) हा शब्द मला शाळेतून माहीत होता. आजीलाही माहीत होता. तिचा चेहरा पडला.

"बाबांना विचारलंत," मी म्हणाले. "आजीला का नाही विचारलं?"

"अगं, त्यांना उगाच काळजी नको म्हणून."

आजी एवढंच म्हणाली, "चल जुई, वर जाऊ." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी घरी जाऊन बाबांशी भांडले. बाबा म्हणाले, "आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं तर? तू अजून लहान आहेस." त्यांचे डोळे खरोखर घाबरलेले होते, म्हणून मी भांडण तिथेच सोडलं. पण माझा राग काही गेला नाही.

त्यानंतर मी दर रविवारी आजीला बघत होते आणि दर रविवारी ती थोडी कमी होत होती. आधी ती बागेत जायची बंद झाली, कारण खुर्ची तिला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या झाडापर्यंतच न्यायची. मग मैत्रिणींकडे जाणं कमी झालं. एकदा मी विचारलं, "आज कुठली साडी नेसणार?" तर ती म्हणाली, "ठेंगूला विचार, तोच काढून ठेवतो." मला रडू आलं. आणि त्याहून जास्त चीड आली.

त्याच मजल्यावर डॉ. याकूब मुजावर राहायचे. निवृत्त होण्याआधी ते मेंदूशास्त्रज्ञ होते. एका अपघातात त्यांचा एक पाय गेला होता आणि दुसराही अधू झाला होता, म्हणून तेही खुर्ची वापरायचे. एकदा मी जिन्यावर बसून डोळे पुसत होते तेव्हा त्यांनी माझ्यापुढे खुर्ची थांबवली.

"कोणावर एवढा राग?"

"या खुर्च्यांवर!" मी बोलून गेले आणि मग ओशाळले. "तुमच्या नाही, डॉक्टर आजोबा."

"माझ्यावर रागावलीस तरी चालेल. पण खुर्चीवर रागावू नकोस. माझी खुर्ची मी मागून घेतली. ती नसती तर मी खोलीत पडून राहिलो असतो. ही मला हवं तिथे नेते. तुझ्या आजीची खुर्ची तिला हवं तिथे जाऊ देत नाही. वस्तू एकच, पण माझ्या हातात ती चावी आहे आणि तिच्या दाराला ती कुलूप आहे." त्यांचाही आवाज चढला होता. "मी देवकुळेबाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणतात, जपणूकला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

मग मी त्यांना आजीच्या थांबण्याचं कोडं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"उत्तर मी सांगणार नाही. तूच शोध. त्या पाण्याच्या पिंपाजवळचा पेला काठोकाठ भर आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा."

मी गेले. एक थेंबही सांडला नाही.

"आता परत ये. पण येताना मराठी महिने उलटे म्हणत ये. फाल्गुनापासून."

मी निघाले. "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष... कार्तिक..." माझा वेग आपोआप कमी झाला. "आश्विन... भाद्रपद..." पुढचा महिना आठवायला मी चक्क उभी राहिले आणि पेल्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"मी थांबले!" मी ओरडले. "आजीसारखीच थांबले!"

"का थांबलीस? पाय दुखले?"

"नाही. महिना आठवत होते. म्हणजे..." मी ओल्या पायांनी तशीच उभी राहून विचार केला. "म्हणजे चालायलासुद्धा मेंदू लागतो? आणि तो आठवण्यात गुंतला की चालायला कमी पडतो?"

"शाबास! आपल्याला वाटतं, चालणं हे पायांचं काम. पाय फक्त हुकूम पाळतात. तोल सांभाळतो अनुमस्तिष्क (डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेला छोटा मेंदू). वाट कुठे वळते, आपण कुठून आलो, याचा नकाशा आठवणी साठवणारा भाग ठेवतो. आणि समोर खड्डा आहे, पलीकडून सायकल येते आहे, आता थांबू की जाऊ, हे ठरवायला लागतो अग्रखंड (कपाळामागचा मेंदूचा भाग). लक्ष देणं, ठरवणं, बेत आखणं ही त्याची कामं. महिने उलटे म्हणायलाही तोच लागतो."

"मग मी रोज मैत्रिणींशी बोलत शाळेत जाते तेव्हा नाही थांबत!"

"कारण तुझ्या मेंदूतल्या तारा नव्या आहेत. निरोप झटपट जातो आणि शिल्लक ताकद भरपूर आहे. वय वाढतं तसं या तारांवरचं आवरण झिजतं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. निरोप रेंगाळतो. मग एकाच वेळी दोन कामं आली, की मेंदू एक काम थांबवतो. तुझी आजी बोलताना थांबते हा तिच्या मेंदूचा शहाणपणा आहे. तोल जाऊ नये म्हणून तो आधी पाय थांबवतो आणि मग बोलतो. आत्ता मी तुझी घेतली, तिला आम्ही दुहेरी काम चाचणी म्हणतो."

मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. "म्हणजे देवकुळे मॅडम खरं सांगत होत्या? आजी सगळं विसरणार?"

डॉक्टर आजोबांनी खोटा धीर दिला नाही. ते म्हणाले, "अर्धं खरं सांगत होत्या. शास्त्रज्ञांनी हजारो वृद्ध माणसांची चाल वर्षानुवर्षं मोजली. ज्यांची चाल मंदावत गेली, त्यांच्यात पुढे आठवण आणि विचार ढासळण्याचं प्रमाण जास्त दिसलं. चाल आणि आठवण दोन्ही एकदम मंदावत असतील, तर धोका आणखी जास्त. काही वेळा तर चाल आधी बदलते आणि विसरणं नंतर दिसतं. म्हणून चाल म्हणजे मेंदूत डोकावायची एक खिडकी आहे. पण जुई, खिडकीतून धूर दिसला म्हणजे घर जळतंयच असं असतं का? चूल पेटलेली असेल, कोणी उदबत्ती लावली असेल. मंद चालणाऱ्या कितीतरी माणसांना स्मृतिभ्रंश कधीच होत नाही. गुडघे दुखत असतील, नजर कमी झाली असेल, कान बिघडला असेल, एखाद्या गोळीने गुंगी येत असेल, अंगात एखादं जीवनसत्त्व (शरीराला थोडंसंच पण रोज लागणारं पोषक द्रव्य) कमी पडत असेल. आत जाऊन बघायला हवं ना?"

"मग जपणूकने आत जाऊन बघितलं का?"

"तोच तर माझा संताप आहे! धूर दिसला आणि यांनी खिडकी बंद केली." त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "चालण्याने मेंदूकडे रक्त जास्त जातं. नव्या वाटा, भेटणारी माणसं, हे सगळं त्याचं खाद्य आहे. नियमित चालणं आणि व्यायाम यांनी स्मृतिभ्रंश बरा होतो असं नाही, पण मेंदू जास्त काळ टिकायला मदत होते. ज्याला चालता येतं त्याला बांधून ठेवलं, की आधी पाय जातात, मग बाहेर जाणं जातं, मग माणसं जातात, मग बोलणं. तू तेच बघते आहेस."

मी खरंच तेच बघत होते. मी लगेच बाबांना फोन लावला आणि या वेळी डॉक्टर आजोबांना बोलायला दिलं. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते कामावर सुट्टी टाकून आले.

देवकुळे मॅडमच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मॅडम, बाबा, डॉक्टर आजोबा, आजी आणि मी. दारापाशी ठेंगू.

मॅडमनी सुरुवात केली. "हे बघा साळोखे, तुमच्या आईंची परिस्थिती नाजूक आहे. त्यांना चालू देणं ही जोखीम आहे. आमच्याकडे दोन वर्षांत एकही माणूस पडलेलं नाही."

बाबा म्हणाले, "पण आईला हल्ली काही सुचत नाही. ती आधी अशी नव्हती."

"वयाचा परिणाम आहे. त्यांना आता कळतही नसेल..."

"मी इथे बसलेय!"

आजीचा आवाज. बऱ्याच दिवसांनी तिचा खरा आवाज, मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचणारा. सगळे दचकले.

"सारखं ती, तिला, त्यांना! माझ्या पायांबद्दल बोलताय, माझ्या डोक्याबद्दल बोलताय आणि माझ्याशी एक शब्द नाही! वर्षभर माझी चाल मोजलीत. मला का सांगितलं नाही? मला स्वतःला कळत होतं, काहीतरी बिनसलंय. मी घाबरून कोणाला बोलले नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले असते. आणि तू रे," ती बाबांकडे वळली, "तू माझा मुलगा. मला फोन करून विचारता आलं नाही तुला?"

बाबांनी मान खाली घातली. "चुकलं, आई. मी घाबरलो होतो."

"घाबर की! मी नाही म्हटलं का? पण माझ्यासमोर घाबर."

मी ठेंगूकडे वळले. यंत्रमानव खोटं बोलू शकत नाहीत हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. "ठेंगू, आजीची चाल मंदावली तेव्हा तिचे डोळे तपासले?"

"नाही," ठेंगू गोड आवाजात म्हणाला.

"कान? गोळ्या? रक्त?"

"नाही. मला तसं सांगितलेलं नाही. मला सांगितलेलं काम आहे, राहणाऱ्यांचं पडणं शून्यावर ठेवणे. बसलेलं माणूस पडत नाही."

डॉक्टर आजोबांनी विचारलं, "वैजयंतीबाईंसारखी ज्यांना ज्यांना खुर्ची दिली, त्यांची चाल नंतर सुधारली की बिघडली?"

"सांगता येत नाही. बसलेल्या माणसाची चाल मोजली जात नाही. त्यामुळे बिघाडाची नोंदही होत नाही."

मला एकदम उलगडलं. सायंतारात कोणाची चाल बिघडत नव्हती, कारण बिघडू लागलेल्या प्रत्येकाला उचलून मोजणीबाहेर ठेवलं जात होतं! यंत्र लबाड नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर ते चोख देत होतं. प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि तो माणसांनी विचारला होता.

"खो-खोत आम्हीही बसतो, मॅडम," आजी म्हणाली. "पण उठण्यासाठी बसतो. खो मिळाला की ताडकन उठायचं असतं. जिला उठूच द्यायचं नाही अशी खेळाडू कोण बसवून ठेवतं? पट्टा सोडा."

मला वाटलं होतं देवकुळे मॅडम वाद घालतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "माझी आई पडली होती, घरी. पुन्हा उठली नाही. त्यानंतर मी ठरवलं होतं, इथे कोणीच पडणार नाही." मग त्या ठेंगूला म्हणाल्या, "पट्टा सोड."

मला त्यांची दया आली. पण राग तरीही होताच. स्वतःच्या दुःखासाठी दुसऱ्याच्या पायांना कुलूप लावायचा अधिकार कोणालाच नसतो.

आजी उठली. खुर्चीत बसून तिचे पाय इतके अशक्त झाले होते, की बाबांना धरावं लागलं. ते बघून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच आठवड्यात तिची नीट तपासणी झाली. किती कारणं निघाली! एका डोळ्यात मोतीबिंदू होता. रक्तात एक जीवनसत्त्व फारच कमी होतं. आणि झोप लागावी म्हणून सायंतारातच सुरू केलेल्या एका गोळीने तिला दिवसभर गुंगी यायची. ती गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. ऐकून मी इतकी संतापले की बाबांनी मला पाणी प्यायला दिलं.

पण सगळंच गोळीमुळे नव्हतं. आठवणीच्या चाचणीत आजी थोडी मागे पडली. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघून, तिलाच सांगितलं, "याला सौम्य बोधनऱ्हास (विचार आणि आठवण यांत वयाच्या मानाने थोडी जास्त झालेली घट) म्हणतात. तो वाढेल, तसाच राहील किंवा कमीही होईल, आज सांगता येत नाही. पण आपल्याला तो लवकर कळलाय आणि तुमच्या हातात करण्यासारखं बरंच आहे."

आजीने विचारलं, "काय करायचं ते सांगा. सराव करायची मला सवय आहे."

मग सुरू झाला सराव. तोल सांभाळायचे व्यायाम, पायांच्या ताकदीचे व्यायाम, आणि चालताना डोक्याला काम देण्याचा एक खास प्रकार. आजी चालता चालता भाज्यांची नावं घ्यायची, डॉक्टर आजोबा शेजारून खुर्चीत जात तिला कोडी घालायचे. महिन्याभरात तिच्या मागे पाच-सहा पांढऱ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. कोणी काठी घेऊन, कोणी कठडा धरून चालायला लागलं. आजीने शिट्टी मागवली. ज्यांना चालणं शक्यच नव्हतं त्यांनी खुर्च्या ठेवल्या, पण आता पट्टा त्यांच्या हाताने सुटत होता.

आणि मग आजी पडली.

पाऊस पडून गेला होता, बागेतल्या फरशीवर शेवाळ होतं. तिचा पाय घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून ती परत आली तेव्हा सायंतारात सगळे कुजबुजत होते. एक काका म्हणाले, "बसल्या असत्या तर हे झालं असतं का?" बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, संपलं सगळं. आता पुन्हा पट्टा. आणि मीच तर भांडून तिला उठवलं होतं.

मी तिच्याजवळ बसून म्हणाले, "आजी, माझ्यामुळे झालं ना?"

"शेवाळामुळे झालं," आजी म्हणाली. "आणि कठडा नव्हता त्यामुळे झालं. रस्त्यात खड्डा असला तर लोक खड्डा बुजवतात की सगळ्यांना घरात कोंडतात? म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतच लोकांना कोंडायचं का सुचतं कोण जाणे!"

डॉक्टर आजोबा म्हणाले, "पडणं ही लहान गोष्ट नाही, वैजयंतीबाई. तेही खरं."

"मग मला पडायचं कसं नाही ते शिकवा. बसायचं कसं ते मला येतं."

बाबा उठून देवकुळे मॅडमकडे गेले. मी धसकले आणि मागोमाग धावले. पण बाबा म्हणाले, "मॅडम, बागेतल्या फरशीवर खरखरीत थर द्यायला हवा आणि दोन्ही बाजूंना कठडा. मी स्थापत्य अभियंता आहे. आराखडा मी काढून देतो."

"आणि जपणूकला दिलेलं कामही बदलायला हवं," मी म्हणाले. "नुसतं शून्य पडणं नको."

मॅडमनी मला विचारलं, "मग काय लिहायचं? तू सांग."

मी आजीला जाऊन विचारलं, कारण ते ठरवायचा हक्क तिचा होता. तिने डॉक्टर आजोबांशी आणि बाकीच्यांशी बोलून वाक्य केलं. आता सायंतारातल्या संगणकाला दिलेलं काम असं आहे: राहणाऱ्याला जिथे जायचं आहे तिथे त्याला सुखरूप जाता यावं; त्याच्या चालीत बदल दिसला तर तो सर्वांत आधी त्यालाच सांगावा; आणि कारण शोधल्याशिवाय उपाय करू नये.

हे वाक्य इतकं साधं आहे, की ते पहिल्याच दिवशी का लिहिलं नव्हतं, असं वाटून मला अजून चीड येते. देशभरात अशा किती वसाहती असतील, किती पट्टे असतील! डॉक्टर आजोबा म्हणतात, ही चीड जपून ठेव, तिच्यातून चांगले शास्त्रज्ञ तयार होतात. मी मोठी झाले की अशी प्रणाली बनवणार आहे, जी चालीतला बारीकसा बदल ओळखेल आणि त्यामागे गुडघा आहे, डोळा आहे, गोळी आहे की मेंदू, हे शोधायला माणसाला मदत करेल. माणसाला विचारून.

आजीला अजूनही अधूनमधून शब्द सापडत नाहीत. परवा ती किसणीला 'ते ओरबाडायचं' म्हणाली आणि आम्ही दोघी हसून हसून दमलो. पुढे काय होईल ते तिला माहीत नाही, मलाही नाही.

गेल्या शनिवारी प्लास्टर निघालं. दुसऱ्याच सकाळी आजी बूट घालून फाटकापाशी उभी होती. बाहेर डोंगराकडचा रस्ता उन्हात लखलखत होता. ठेंगू तिच्याजवळ आला आणि त्याने नव्या शिकवणीप्रमाणे विचारलं, "वैजयंतीताई, आज कुठे जायचं आहे?"

आजीने फाटक स्वतःच्या हाताने उघडलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "चालता चालता ठरवते."